गाठीच्या वाढीचं गणित जमलं, पण आकडे कुठून आणायचे?

प्रश्न : नमस्कार मॅडम, मी सांगलीत एमएस्सी मॅथ्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्रोजेक्टसाठी ट्यूमर ग्रोथचं मॉडेल घेतलंय, लॉजिस्टिक आणि गॉम्पर्ट्झ (वाढ आधी जोरात, मग मंदावत सपाट होते असं सांगणारी समीकरणं) दोन्ही सोडवून झाले, ग्राफही काढले, पण गाईड सर म्हणतात खऱ्या डेटावर फिट करून दाखव, नाहीतर हा नुसता कॅल्क्युलसचा गृहपाठ झाला. नेटवर कॅन्सर डेटा म्हणून शोधलं तर ढिगाने फाइली मिळतात, त्यात जीन्स आहेत, वय आहे, स्टेज आहे, पण "या दिवशी गाठ एवढी होती, दहा दिवसांनी एवढी झाली" असं कुठेच सापडत नाही. मी चुकीच्या जागी शोधतेय का? फेब्रुवारीत सबमिशन आहे.

उत्तर : तुझे सर बरोबर सांगतायत, आणि तू खरंच चुकीच्या जागी शोधतेयस, पण त्यात तुझा काही दोष नाही कारण कॅन्सरचा बहुतेक सगळा मोफत डेटा हा एका क्षणाचा डेटा असतो. अमेरिकेच्या कॅन्सर जिनोम ॲटलासचंच बघ, ३३ प्रकारचे कॅन्सर आणि अकरा हजारांवर रुग्ण, एवढा प्रचंड खजिना आहे, पण त्यातला गाठीचा तुकडा बहुतेक वेळा एकदाच, ऑपरेशनच्या वेळी घेतलेला. आदल्या महिन्यात ती गाठ केवढी होती हे तिथे कुणी लिहिलेलंच नाही. आपल्याकडची मुंबई कॅन्सर रजिस्ट्री १९६३ पासून चालू आहे, तिथून किती जणांना कुठला कॅन्सर झाला ते कळतं, पण गाठ कशी वाढली ते नाही. तुझ्या समीकरणात डाव्या बाजूला काळाच्या संदर्भातलं डेरिव्हेटिव्ह आहे ना, मग ज्या डेटात काळच नाही तो तुझ्या काय कामाचा?

तुला हवं ते असं : एकच शरीर, एकच गाठ, अनेक तारखा, आणि मध्ये कुठलाही उपचार नाही. आता विचार कर, माणसांत असं कधी घडेल? गाठ सापडली की डॉक्टर उपचार सुरू करतात, आणि तसंच व्हायला हवं. त्यामुळे उपचाराविना वाढणाऱ्या माणसातल्या गाठीची लांबलचक आकडेवारी जवळपास नसतेच, आणि ज्या थोड्या जागी आहे तिथे एकतर गाठ इतकी सावकाश वाढणारी असते की "थांबून बघू" म्हणता येतं, नाहीतर निदान झाल्यावर कुणाचे तरी जुने स्कॅन काढून मागे वळून मोजलेलं असतं. मेंदूतल्या सावकाश वाढणाऱ्या ग्लायोमा नावाच्या गाठीचं एक फार सुंदर उदाहरण आहे. २००३ मध्ये मँडोने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उपचाराआधीचे एमआरआय असलेले २७ रुग्ण घेतले आणि गाठीचा सरासरी व्यास काळाबरोबर मांडला, तर तो जवळजवळ सरळ रेषेत वाढताना दिसला, वर्षाला साधारण ४ मिलिमीटर. आकारमान नाही हं, व्यास. व्यास सरळ रेषेत वाढतो म्हणजे आकारमान काळाच्या घनाच्या हिशोबात वाढतं, एक्स्पोनेन्शियल नाही, आणि तुझ्या प्रोजेक्टमध्ये हा एक परिच्छेद जरी आला तरी बाहेरून येणाऱ्या परीक्षकाला कळेल की मुलीने विचार केलाय.

पण फिटिंगसाठी तू उंदरांकडे वळ. फ्रान्सच्या इन्रिया संस्थेतले सेबास्तियन बेन्झेक्री आणि त्यांचे सहकारी यांनी २०१४ मध्ये उंदरांमधल्या फुप्फुसाच्या आणि स्तनाच्या गाठींवर सगळी जुनी मॉडेल्स शेजारी शेजारी ठेवून तपासली, एक्स्पोनेन्शियल, लॉजिस्टिक, गॉम्पर्ट्झ, पॉवर लॉ (वाढीचा वेग आकाराच्या ठराविक घाताच्या प्रमाणात) वगैरे, आणि त्यांच्या गटाचा २०२० चा पुढचा पेपर आहे त्याच्यासोबत उंदरांची मूळ मापं झेनोडो या मोफत साठ्यावर ठेवली आहेत. फाइल उघडलीस की काही भव्यदिव्य दिसणार नाही, उंदराचा नंबर, दिवस, आकारमान, बस्स. पण तुला नेमकं हेच हवंय आणि एक्सेलमध्ये सहज मावतं.

आधी त्यांचा २०१४ चा निष्कर्ष नीट वाच. फुप्फुसाच्या गाठींवर गॉम्पर्ट्झ आणि पॉवर लॉ दोन्ही छान बसले, पण पुढचं भाकीत करायला सांगितलं तर एकही मॉडेल लगेच पुढच्या दिवसाच्या मापापलीकडे धड सांगू शकलं नाही. मग त्यांनी बाकीच्या उंदरांवरून पॅरामीटर (समीकरणातले ठरवायचे आकडे) साधारण कुठल्या पट्ट्यात असतात ही माहिती आधीच मॉडेलला दिली, आणि फक्त पहिल्या ३ मापांवरून पुढची सगळी वाढ सांगण्यात पॉवर लॉचं यश १४.९ टक्क्यांवरून ६२.७ टक्क्यांवर गेलं. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. कर्व्ह ठिपक्यांवरून छान जाते म्हणजे मॉडेल खरं, असं आपण किती सहज धरून चालतो, आणि इथे त्याच मॉडेलला पुढच्या काही दिवसांचं विचारलं की ते गडबडतं! म्हणून तू पण फिट करून थांबू नकोस. प्रत्येक उंदराचे शेवटचे दोन-तीन ठिपके झाकून ठेव, आधीच्यांवर फिट कर, आणि मग झाकलेले उघडून बघ किती चुकलं ते. तुझ्या प्रोजेक्टचा जीव त्या तक्त्यात असेल.

अजून काही गोष्टी तिथे हमखास नडतील त्या सांगून ठेवते.

उंदराच्या कातडीखालची गाठ कॅलिपरने मोजतात, लांबी आणि रुंदी, आणि आकारमान काढतात लांबी गुणिले रुंदीचा वर्ग भागिले दोन. म्हणजे १२ बाय ९ मिलिमीटरची गाठ झाली ४८६ घन मिलिमीटर. आता मोजणाऱ्याने रुंदी ९ ऐवजी १० वाचली, केस आहेत, कातडी आहे, उंदीर हलतोय, सहज होतं असं, तर तेच आकारमान ६०० होतं. एका मिलिमीटरने २३ टक्के फरक! त्यामुळे मोठ्या गाठीतली चूकही मोठी असते, आणि तू साधं लीस्ट स्क्वेअर्स (चुकांच्या वर्गांची बेरीज कमीत कमी करणं) लावलंस तर शेवटचे दोन मोठे ठिपके सगळी कर्व्ह आपल्याकडे ओढून घेतील आणि सुरुवातीचे लहान ठिपके कुणी विचारात घेणार नाही. लॉग घेऊन फिट कर किंवा चूक आकाराच्या प्रमाणात आहे असं मॉडेलमध्येच सांग. आणि सगळ्यात आधी, कुठलंही मॉडेल लावायच्या आधी, प्रत्येक उंदीर वेगळा काढून सेमी-लॉग ग्राफवर, म्हणजे आकारमानाचा अक्ष लॉगचा ठेवून, नुसता बघ. रेषा सरळ असली तर एक्स्पोनेन्शियल, खाली वाकत असली तर बाकीच्यांचा विचार.

दुसरं म्हणजे लॉजिस्टिकचा तो के, गाठीची कमाल मर्यादा. गाठ ठराविक आकाराची झाली की प्राण्याचे हाल होऊ नयेत म्हणून प्रयोग थांबवावाच लागतो, तो नियम आहे आणि योग्यच आहे, पण त्यामुळे कर्व्ह सपाट होण्याआधीच डेटा संपतो. मग कॉम्प्युटर तुला के ३,००० पण देईल आणि सुरुवातीचा अंदाज बदललास तर ३०,००० पण देईल, आणि दोन्ही वेळा कर्व्ह ठिपक्यांवरून तितकीच सुरेख जाईल. अशा वेळी के चा आकडा छापू नकोस, तो या डेटावरून ठरत नाही असं स्पष्ट लिही. गॉम्पर्ट्झचंही थोडं तसंच आहे, त्याचे दोन पॅरामीटर एकमेकांना इतके बांधलेले असतात की त्याच फ्रेंच गटाने त्यातला एक दुसऱ्यावरून काढून छोटं गॉम्पर्ट्झ मॉडेल बनवलं.

आणि सरासरी काढू नकोस, कृपा करून. दहा उंदरांची सरासरी काढून एकच कर्व्ह बसवली की ती दिसते गुळगुळीत, पण ज्यांची गाठ भराभर वाढली ते उंदीर मध्येच प्रयोगातून बाहेर गेलेले असतात, मग सरासरी अचानक खाली येते आणि वाटतं गाठी लहान झाल्या. झालेलं काही नसतं, मोठ्या गाठीवाले मोजणीतून गेले एवढंच. एकेक उंदीर वेगळा फिट कर, आणि वेळ उरला तर मिक्स्ड इफेक्ट्स (सगळे उंदीर एकत्र, पण प्रत्येकाचे पॅरामीटर वेगळे) शिक, आर या संगणकभाषेत त्याची मोफत पॅकेजेस आहेत आणि पायथनच येत असेल तर एकेकट्या फिटसाठी त्यातलं सायपाय पॅकेज पुरेसं आहे.

एक लक्षात ठेव, गॉम्पर्ट्झचं मॉडेल मुळात गाठींसाठी जन्मलंच नव्हतं. बेंजामिन गॉम्पर्ट्झ यांनी १८२५ मध्ये ते माणसांच्या मृत्युदरासाठी मांडलं, विम्याच्या हिशोबासाठी, आणि ॲना लेअर्ड यांनी १९६४ मध्ये उंदीर आणि सशांच्या गाठींवर ते बसवून दाखवलं. त्यांनीही इतरांची छापलेली मापंच गोळा केली होती. म्हणजे दुसऱ्याचा डेटा शोधून वापरणं हे काही कमीपणाचं नाही, या विषयाची सुरुवातच तशी झालीय.

प्रश्न : मी पुण्यात आयटीत आहे, डेटा सायन्स करतो. आईला कॅन्सर झाला होता तेव्हापासून या विषयात काहीतरी करावं असं मनात आहे. मला उंदरांचा नाही, माणसांचा डेटा हवाय, उपचार चालू असतानाचा चालेल. कुठे मिळेल आणि घरी बसून काही उपयोगाचं काम होईल का?

उत्तर : होईल, नक्की होईल, आणि तुमच्यासारखी माणसं यात हवीतच. उपचार चालू असतानाचा म्हणालात म्हणून काम सोपं झालं, कारण असा डेटा आहे. फक्त मग मॉडेलमध्ये वाढीसोबत औषधाने होणारी घटही लिहावी लागते, आणि औषध कधी दिलं त्या तारखा डेटात आहेत की नाहीत हे सगळ्यात आधी तपासायचं. तारखा नसतील तर कितीही रुग्ण असले तरी पुढे जाऊ नका.

सुरुवातीला मी सांगेन की जर्मनीतल्या एका गटाचं २०२२ चं काम बघा, त्यांनी इम्युनोथेरपी (शरीराच्या प्रतिकारशक्तीला कामाला लावणारे उपचार) आणि केमोच्या ५ ट्रायल्समधले, म्हणजे रुग्णांवरच्या चाचण्यांमधले, १,४७२ रुग्ण घेतले, ज्यांच्या गाठीची किमान ३ मापं आहेत असे, त्यातल्या ६५२ जणांची ६ किंवा जास्त. त्यावर जुनी मॉडेल्स लावली आणि नावगाव काढलेली मापं कोडसोबत खुली ठेवली. कमी पॅरामीटरमध्ये चांगला फिट या हिशोबाने त्यांना गॉम्पर्ट्झच सगळ्यात बरं वाटलं. तुम्ही तोच कोड चालवून तेच आकडे येतात का बघा, तुमचा पहिला महिना त्यात जाऊ दे.

मग प्रोजेक्ट डेटा स्फीअर आहे, २०१४ पासून, तिथे कंपन्यांनी आपल्या ट्रायल्समधले रुग्णवार आकडे दिलेत, बरेचसे तुलनेसाठी ठेवलेल्या गटाचे, नोंदणी करून मिळतात. स्कॅनच हवे असतील तर कॅन्सर इमेजिंग आर्काइव्ह. त्यातला आय-स्पाय १ चा संच स्तनाच्या कॅन्सरचा आहे, २२२ रुग्णा, ऑपरेशनआधीच्या केमोदरम्यान ठरलेल्या टप्प्यांवर ४ वेळा एमआरआय. मेंदूच्या ग्लायोब्लास्टोमासाठी स्वित्झर्लंडमधल्या बर्नचा ल्युमिएर संच घ्या, ९१ रुग्ण आणि ६३८ तारखा, म्हणजे माणशी सरासरी सात, या क्षेत्रात ही श्रीमंती आहे. प्रोस्टेटवाल्यांचं आणखी वेगळं, तिथे गाठ न मोजता रक्तातलं पीएसए हे प्रोस्टेटमधून येणारं प्रथिन मोजतात, ते स्वस्त आणि वारंवार होतं. कॅनडात ब्रुखोव्स्की यांनी हार्मोनचा उपचार काही महिने चालू, काही महिने बंद असा करून पाहिला, त्यातली रुग्णवार पीएसए मापं गणितवाल्यांनी वर्षानुवर्षं वापरलीत. चढउतार इतके स्पष्ट आहेत की मॉडेल शिकायला त्याहून चांगला डेटा मला तरी माहीत नाही.

फुप्फुसाचा मोठा स्क्रीनिंग अभ्यास, एनएलएसटी, त्याच्याबद्दलही लोक विचारतात. ५३,४५४ माणसं, निम्म्यांना वर्षातून एकदा असे तीन वेळा लो-डोस सीटी. आकडा बघून हुरळून जाल, पण बहुतेकांना कॅन्सर नव्हता, आणि ज्यांना निघाला त्यांचे उपचार सुरू झाले. म्हणजे एका गाठीची फार तर दोन-तीन मापं. त्यावरून डबलिंग टाइम (गाठ दुप्पट व्हायला लागणारा काळ) काढता येतो, पण गॉम्पर्ट्झ की लॉजिस्टिक हे ठरवता येत नाही, दोन ठिपक्यांवरून कुठलीही कर्व्ह जाते.

आता एक गोष्ट जी आयटीतून येणाऱ्यांना हमखास अडवते. ट्रायलच्या फाइलींमध्ये आकारमान नसतं, रेसिस्टच्या, म्हणजे ट्रायल्समध्ये गाठी मोजायच्या ठरलेल्या पद्धतीच्या, नियमाने मोजलेली लांबी असते. जास्तीत जास्त ५ गाठी निवडायच्या, एका अवयवातल्या दोनच, प्रत्येकीचा सगळ्यात लांब व्यास घ्यायचा आणि बेरीज करायची. बेरीज ३० टक्क्यांनी कमी झाली तर गाठ दाद देतेय म्हणायचं, सगळ्यात कमी होती त्याच्यावर २० टक्क्यांनी आणि किमान ५ मिलिमीटरने वाढली तर आजार पुढे गेला म्हणायचं. व्यासाचे २० टक्के ऐकायला लहान वाटतात, पण गोल गाठ धरली तर १.२ चा घन १.७२८, म्हणजे आकारमान ७३ टक्के वाढलेलं असतं. उलट व्यास १० चा १२.६ मिलिमीटर झाला तर गाठ दुप्पट झाली, आणि एवढ्याशा फरकात स्कॅनच्या स्लाइसची जाडी आणि रेडिओलॉजिस्टने रेघ कुठून कुठे ओढली हेही येतं. म्हणून ती चूक मॉडेलमध्ये धरलीत तरच पुढचं काही बोलता येईल.

आणि आजार वाढला की रुग्ण त्या औषधावरून काढला जातो आणि मापं थांबतात. त्यामुळे वर्षभरानंतरच्या ओळींमध्ये उरतात ते बहुतेक बरे चाललेले. ग्राफ बघून औषध काळाबरोबर जास्त चांगलं काम करतंय असं वाटू शकतं, तसं अजिबात नसतं. रुग्ण किती काळ टिकला याचं मॉडेल आणि गाठीच्या आकाराचं मॉडेल एकत्र लावावं लागतं. अवघड आहे, पण प्रत्येक ओळीमागे एक माणूस आहे, एक घर आहे, हे तुम्हाला मी वेगळं सांगायला नको, आणि म्हणूनच ते अवघड काम टाळू नये.

प्रश्न : मी तालुक्याच्या गावी रेडिओलॉजिस्ट आहे. वर्षानुवर्षं फॉलोअपला येणारे मेनिन्जिओमा (मेंदूच्या आवरणाची गाठ), कानाच्या नसेची गाठ असे काही पेशंट आहेत ज्यांचं ऑपरेशन केलेलं नाही. त्यांच्या स्कॅनचा गणितवाल्यांना उपयोग होईल का? देता येतात का?

उत्तर : डॉक्टर, वर सांगलीच्या मुलीला मी जे जवळपास नसतंच म्हटलं ते तुमच्या कॉम्प्युटरमध्ये पडलंय! उपचाराविना, एकाच गाठीची, वर्षानुवर्षांची मापं. कृपया ते वाया जाऊ देऊ नका.

पण तसेच पेनड्राइव्हवर काढून कुणाला देऊ नका. आधी एथिक्स कमिटीची परवानगी, तुमच्याकडे कमिटी नसेल तर जवळच्या मेडिकल कॉलेजमधल्या कुणाला सोबत घ्या. आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं यात स्पष्ट आहेत, आणि आता २०२३ चा डिजिटल डेटा संरक्षणाचा कायदाही आहे. डायकॉम फाइलच्या आत पेशंटचं नाव, जन्मतारीख, हॉस्पिटलचं नाव सगळं भरलेलं असतं, फाइलचं नाव बदलून ते जात नाही. आणि डोक्याच्या एमआरआयवरून चेहरा परत उभा करता येतो, त्यामुळे चेहऱ्याचा भागही पुसावा लागतो, त्याची मोफत सॉफ्टवेअर्स आहेत. तारखा मात्र उडवू नका, सगळ्या सारख्याच दिवसांनी पुढेमागे सरकवा म्हणजे मधलं अंतर तेच राहील. ते अंतर गेलं तर गणितवाल्याला काहीच उरत नाही.

नोंदींमध्ये एवढं असलं तरी पुष्कळ झालं : स्कॅनची तारीख, मशीन कोणतं, स्लाइस किती जाडीची, कॉन्ट्रास्ट दिलं होतं का, एक नाही तर तीनही दिशांचे व्यास, आणि मध्ये स्टेरॉइड किंवा रेडिएशन काही झालं असेल तर ते कधी. आपल्याकडे पेशंट दर वेळी वेगळ्या सेंटरला जातो आणि जुन्या फिल्म्स प्लॅस्टिकच्या पिशवीत घेऊन येतो, तेव्हा त्या पिशवीतल्या तारखाही उतरवून घ्या, नुसतं "पूर्वीपेक्षा किंचित वाढ" असं रिपोर्टमध्ये लिहून पिशवी परत देऊ नका, मिलिमीटर लिहा. भारतात स्कॅनचे असे साठे उभे राहायला लागलेत, कोलकात्याच्या टाटा मेडिकल सेंटरने आयआयटी खरगपूरबरोबर छवी नावाचा उभारलाय, त्यांची पद्धत बघण्यासारखी आहे.

प्रश्न : पेपरमध्ये ग्राफ छापलाय पण आकडे दिले नाहीत. ग्राफवरून आकडे काढले तर चालतात का?

उत्तर : चालतात, सगळे करतात. वेबप्लॉटडिजिटायझर नावाचं मोफत टूल आहे, ग्राफचं चित्र टाकायचं, अक्षांवरचे दोन-दोन बिंदू ओळखून द्यायचे आणि ठिपक्यांवर क्लिक करत जायचं. उभा अक्ष लॉगचा आहे का ते आधी बघा, नाहीतर सगळेच आकडे भलतेच येतील. एररबार (ठिपक्यावरची उभी रेघ) म्हणजे स्टँडर्ड डेव्हिएशन की स्टँडर्ड एरर हे ग्राफखालच्या बारीक अक्षरात असतं, तेही लिहून घ्या.

पण त्याआधी पेपरवर ज्याचा पत्ता दिलाय त्या लेखकाला एक ईमेल टाका. चार ओळी, तुम्ही कोण, कुठल्या ग्राफचे आकडे हवेत, कशासाठी. ग्राफमध्ये बहुतेक वेळा सरासरीच असते आणि वर म्हटलं तसं सरासरीवर फार काही उभं राहत नाही, एकेका उंदराचे आकडे त्यांच्याच फाइलीत असतात. आठवडाभर उत्तर नाही आलं तर पुन्हा एकदा लिहा, या वेळी पेपरवर ज्याचं नाव पहिलं आहे त्याला, कारण मापं बहुतेक वेळा त्यानेच घेतलेली असतात.